पत्र्याखाली कसली वीजबचत?

‘वीजबचत म्हणजेच वीजनिर्मिती’ हे वाक्य आपण सगळ्यांनी इतक्या वेळा वाचले आहे की त्याचा अर्थ विचारण्याचे कुणाच्या मनात येत नाही. वाक्य चुकीचे नाही. ते कुणाला उद्देशून आहे, एवढेच एकदा विचारले पाहिजे. मालेगाव, भिवंडी किंवा सोलापूरच्या एखाद्या वस्तीत दहा बाय बाराची पत्र्याची खोली आहे. तिच्यात एक पंखा आहे, दोन दिवे आहेत, मोबाइलचा चार्जर आहे आणि असलाच तर एक जुना टीव्ही. या घराने नेमकी कोणती वीज वाचवायची? ज्याने वीज वापरलीच नाही, त्याने ती वाचवायची कशी?

हा प्रश्न शब्दांचा खेळ नाही. आपल्या देशात घरे थंड ठेवण्याचा जो काही विचार झाला आहे, तो सगळा ‘ऊर्जा-कार्यक्षमता’ या एका शब्दाच्या दावणीला बांधलेला आहे. किती युनिट वाचले, किती मेगावॉटची मागणी कमी झाली, यावर योजनेचे यश मोजले जाते. मोजमापच असे असेल तर जिथे वातानुकूलित यंत्रे आहेत तिथेच योजना जाणार. ज्या घरात उकाडा सर्वांत जास्त आणि वीज सर्वांत कमी, ते घर या हिशेबात बसतच नाही. त्या घरातली बाई पाच अंश कमी तापमानात जगू लागली तरी वीज कंपनीच्या वहीत एका युनिटचाही फरक पडत नाही. मग तिच्या छपरासाठी पैसा कुणी आणि कोणत्या खात्यातून द्यावा?

कायदा काय म्हणतो ते पाहा. २००७ साली इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आली. ती मोठ्या व्यापारी इमारतींसाठी होती. २०१८ च्या डिसेंबरात घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आली, तेव्हा बरे वाटले. तिने छपरातून आणि भिंतींतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली. फार चांगली गोष्ट. पण ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या गृहप्रकल्पांसाठी लिहिली गेली, आणि तीही नव्या बांधकामांसाठी. २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आल्या. कोणत्या? ज्यांचा जोडभार १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक आहे त्या. राज्यांना ही मर्यादा खाली आणता येते, पण किती खाली आणणार? आपल्या पत्र्याच्या खोलीचा सगळा भार अर्धा किलोवॉटही भरत नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरण आणले, छपरे थंड करण्यासाठी खास धोरण करणारे हे राज्य. तिथेही सक्ती ६०० चौरस यार्डांहून मोठ्या भूखंडावरच्या घरांना आहे. त्याखालच्यांना ऐच्छिक. म्हणजे ज्याच्याकडे रंगाला पैसे आहेत त्याला सक्ती, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला स्वातंत्र्य!

दरवर्षी मार्च उजाडला की उष्णतेच्या लाटेबद्दल सूचनांची पत्रके निघतात. भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, आणि दुपारी १२ ते ३ या वेळेत घराबाहेर पडू नका. शेवटची सूचना पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाला वाचून दाखवावी आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. दुपारच्या उन्हात उघड्या पत्र्याचे तापमान साठ अंशांच्या पुढे जाते. तो पत्रा डोक्यापासून चार-पाच फुटांवर असतो आणि तव्यासारखी धग खाली फेकतो. पंखा लावला तर छपराजवळची तीच तापलेली हवा तो अंगावर ढकलतो. अशा वेळी घराबाहेरच्या कडुलिंबाखाली घरापेक्षा सुसह्य असते, हे त्या वस्तीतल्या शेळ्यांनाही कळते. पत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे ‘घर’ आहे ते स्लॅबचे, उंच छताचे, पडदे असलेले घर आहे. बाहेर ऊन आणि आत सावली, असे सरळ जग.

या घरांत दिवसभर कोण असते? पुरुष कामाला, मुले शाळेत किंवा गल्लीत. घरात बाई असते, म्हातारी माणसे असतात, तान्ही मुले असतात. आणि बाई नुसती असत नाही, ती तिथे कामावर असते. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात एक आकडा आहे, त्याकडे या अंगाने फारसे कुणी पाहिलेले नाही. मुसलमान कामकरी स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रिया आपल्या राहत्या घरातच काम करतात असे तो अहवाल सांगतो, सर्व समाजांचे प्रमाण ५१ टक्के आहे. शिवण, जरीकाम, विड्या, कांड्या भरणे, पापड लाटणे. या स्त्रियांचे घर हाच त्यांचा कारखाना. कारखाना कायद्यात हवा खेळती ठेवण्याची, तापमान सोसवेल असे राखण्याची कलमे आहेत, पण ती कारखान्याला लागू होतात, चुलीशेजारच्या चटईला नाही.

सोलापूरची विडी वळणारी बाई घ्या, पद्मशाली असो की मुसलमान. तेंदूची पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागतात, कोरडी पडली की तडकतात. सुपातली तंबाखू हलकी, वाऱ्याने उडते. म्हणून पंखा मंद ठेवायचा किंवा बंदच. पानाला ओलावा पाहिजे हे ठेकेदाराला पक्के माहीत असते. वाळलेल्या पानाची विडी तो छाटात काढतो. मागाच्या कारखान्यातही तेच, कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून पाण्याचा फवारा मारतात. सुताची आणि पानाची तब्येत जपणारी ही व्यवस्था माणसाच्या अंगातल्या पाण्याकडे पाहत नाही, कारण ते सुकले तर नुकसान तिच्या खात्यावर येत नाही.

रात्रीचे तर बोलूच नये. पुरुष ओट्यावर, गच्चीवर, हातगाडीवर, मशिदीच्या व्हरांड्यात पथारी टाकतो. बाईने कुठे झोपायचे? दाटीच्या मोहल्ल्यात दार उघडे टाकून झोपण्याचीही सोय नाही. २०१६ ते २०१९ या सलग चार वर्षांत रमजान मे-जूनमध्ये आला होता. पहाटे सहेरीला उठून स्टोव्हजवळ बसणाऱ्या, दिवसभर रोजा ठेवून पत्र्याखाली काम करणाऱ्या आणि इफ्तारीसाठी दुपारनंतर पुन्हा कढईसमोर उभ्या राहणाऱ्या बायकांच्या सबुरीचे कौतुक त्या काळात पुष्कळ झाले. सबुरीचे कौतुक स्वस्त असते. पत्र्याला रंग लावायला मात्र खिशात हात घालावा लागतो.

उष्माघाताचे बळी आपल्याला दिसतात ते मैदानात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हात बसलेली १४ माणसे दगावली आणि महाराष्ट्र हादरला. हादरायलाच हवे होते. पण घरात, खाटेवर, पहाटे गेलेल्या म्हाताऱ्याच्या दाखल्यावर काय लिहिले जाते? हृदयविकार, किंवा नुसतेच वृद्धापकाळ. मय्यत उचलली जाते, कुणी विचारत नाही की काल रात्री खोलीत किती अंश होते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर अभ्यासकांनी शहरातले सर्व मृत्यू मोजून आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू जास्तीचे झाल्याचे निघाले. कॅनडासारख्या थंड देशात, ब्रिटिश कोलंबियात, २०२१ च्या उन्हाळ्यात उष्णतेने ६१९ माणसे मेली. तिथल्या मृत्युचौकशी विभागाने प्रत्येक मृत्यूची नोंद तपासली आणि सांगितले की त्यांतली ९८ टक्के माणसे घराच्या आत मेली. आपण तपासतच नाही. न मोजलेल्या मृत्यूंवर आराखडा कसला करणार?

इथे कुणीतरी हमखास जुन्या घरांची आठवण काढतो. ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते हो! माळवदाचे घर उन्हाळ्यात कसे गारेगार असायचे!’ खरे आहे, असायचे. हातभर जाडीच्या भिंती, वर लाकूड, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की पाहा. वर पाण्याचा मोठा हौद आणि त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छप्पर. अठराव्या शतकात विजेच्या एका युनिटाशिवाय केलेली ही सोय आहे. विदर्भात कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जायची. पण आठवणी काढणारे दोन गोष्टी विसरतात. माळवदावर दरवर्षी माती टाकावी लागते, कौलारू घर दरवर्षी शाकारावे लागते, आणि त्याला लागणारे मनुष्यबळ आता गावात उरलेले नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली आणि तेच गार माळवद, त्याच जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर-उस्मानाबाद भागात (उस्मानाबादचे नाव आता धाराशिव) आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर कित्येक माणसे धडधाकट घर असूनही पत्र्याच्या शेडमध्ये झोपू लागली. पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचतो. गरिबाने पत्रा अडाणीपणाने निवडलेला नाही. हलका, स्वस्त, दोन माणसांनी एका दिवसात बसवता येणारा, आणि उद्या वस्ती उठवली तर सोडवून नेता येणारा. त्याची निवड शहाणपणाची आहे. तो तापतो एवढाच दोष, आणि त्या दोषाला उपाय आहेत.

उपाय नवे नाहीत, अवघडही नाहीत. छपरावर पांढरा लेप द्यायचा, म्हणजे ऊन आत शिरण्याआधीच परत फिरते. स्लॅबला किंवा सिमेंटच्या पत्र्याला चुना चालतो, त्यात थोडा फेविकॉलसारखा चिकट पदार्थ घालतात. लोखंडी पत्र्यावर नुसता चुना टिकत नाही, पोपडे धरतो, तिथे ऊन परतवणारा तयार रंग लागतो. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या छपराला चुन्याने काही शेकड्यांत आणि तयार रंगाने दीड-दोन हजारांत काम होते. घराच्या बांधणीनुसार आतले तापमान दोन ते पाच अंशांनी उतरते. ऐकायला कमी वाटते. पण ४२ अंशांच्या खोलीत बसणाऱ्याला ३८ म्हणजे काय, हे त्यालाच विचारावे. स्लॅब असेल तर त्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे चायना मोझॅक करता येते, ते वर्षानुवर्षे टिकते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर खाली सोडतो, म्हणून मुंब्र्यासारख्या ठिकाणी वरच्या मजल्यावरची रात्र दुपारपेक्षा वाईट असते.

पत्र्याच्या आत वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचे किंवा प्लायचे दुसरे छत करावे. मधली हवा धग अडवते, आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना झरोके ठेवले तर तापलेली हवा बाहेर पडते. उंदरांसाठी तिथे जाळी मारावी लागते, नाहीतर वर त्यांची वेगळी वसाहत होते. थर्मोकोल मात्र चुलीच्या घरात लावू नये, ते झटक्यात पेटते. जुना सिमेंटचा पत्रा अॅस्बेस्टॉसचा असेल तर रंग देण्याआधी तो कोरडा घासू नये, त्याची धूळ फुप्फुसात बसते. तो ओला करून हलक्या हाताने पुसावा, ही साधी गोष्ट रंगाऱ्यांना सांगितली जात नाही. शेतात वापरतात ती हिरवी जाळी छपराच्या फूटभर वर ताणली तरी फरक पडतो. घोसाळ्याचा किंवा वालाचा वेल चढवला तर भाजीही मिळते, मात्र त्याला पाणी लागते. जिथे टँकर दहा दिवसांनी येतो तिथे वेलाचा सल्ला देऊ नये.

आणि सगळीकडे एकच औषध चालत नाही. मालेगावच्या कोरड्या हवेत कुलर उत्तम काम करतो. तोच भिवंडी-मुंब्र्याच्या दमट हवेत लावला तर खोलीचा हमाम होतो, तिथे सावली आणि समोरासमोरचे झरोके हेच खरे. पंख्याचेही तेच. साधा पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आत. सोळा तास फिरला तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात. निदान इथे तरी वीजबचतवाल्यांना हिशेब जुळेल!

हे सगळे कागदावरचे नाही. अहमदाबादने २०१० च्या त्या मे महिन्यानंतर २०१३ साली उष्मा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. २०१७ साली तिथे गरीब वस्त्यांतली सुमारे तीन हजार छपरे पांढरी केली गेली. महिला हाउसिंग ट्रस्टच्या बायका वस्त्यावस्त्यांत जाऊन हे काम करत आल्या आहेत. तिथे शिकायला मिळाले तेही महत्त्वाचे आहे. धूळ बसली की पांढऱ्याचा प्रभाव ओसरतो, म्हणून काम एकदाच करून फोटो काढून मोकळे होता येत नाही, दर उन्हाळ्याआधी हात फिरवावा लागतो. आपल्या नगरपालिकांना नेमके हेच जमत नाही. उद्घाटनाला फीत असते, दुसऱ्या वर्षीच्या हाताला नसते.

मग अडते कुठे? पैशावर अडत नाही. २०१५ पासून सरकारने ‘उजाला’ योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले. झोपडीपर्यंत दिवा पोहोचला, कारण प्रत्येक दिव्यामागे वाचलेला युनिट मोजता येत होता. २०२४ मध्ये छपरावरच्या सौर पॅनेलसाठी ‘सूर्यघर’ योजना आली. तिच्यात एका घराला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. अट अशी की घर स्वतःचे पाहिजे आणि छप्पर पॅनेल बसण्याजोगे पाहिजे. एका पक्क्या छपरावर ७८,००० आणि चाळीस कच्च्या छपरांवर शून्य! पॅनेलला माझा विरोध नाही. पण त्या एका अनुदानात चाळीस-पन्नास पत्रे पांढरे होतात, एवढी बेरीज मंत्रालयात कुणाला येत नसेल असे मला वाटत नाही.

अडते ते कागदावर. घर कुणाच्या नावावर? जागा कुणाची? गुंठेवारीची, वक्फची, रेल्वेची, वनखात्याची? अनधिकृत वस्तीतल्या छपराला रंग दिला तर वस्ती अधिकृत ठरेल अशी भीती अधिकाऱ्यांना वाटते. याच वस्तीला वीजमीटर देताना ही भीती वाटत नाही, कारण मीटरचे बिल येते. भाडेकरूचे दुखणे आणखी वेगळे. घरमालक पावसाळ्यात गळते म्हणून पत्रा बदलतो, तापते म्हणून कोण बदलतो? भाडेकरूने स्वतः खर्च करावा तर अकरा महिन्यांनी खोली सोडायची. आणि खोली सुधारली म्हणून भाडे वाढले तर तो खर्च आपल्याच अंगावर.

ज्याला जमते तो हप्त्यावर एसी घेतो. घ्यावा, उकाड्याने हैराण झालेल्या माणसाला मी नैतिक धडे देणार नाही. पण उघड्या पत्र्याखाली लावलेला एसी रात्रभर धापा टाकतो, एका रात्रीत आठ-दहा युनिट खातो, आणि त्याच्या मागच्या बाजूने निघणारी गरम वाफ तीन फुटी गल्लीत शेजारणीच्या खिडकीत जाते. आधी छप्पर, मग यंत्र, हा क्रम दुकानदार सांगत नाही. त्याने का सांगावा?

आपल्या जमातींना, मंडळांना, ट्रस्टांनाही चार शब्द सांगितले पाहिजेत. गेल्या वीस वर्षांत मशिदींत संगमरवर आला, एसी आले, त्यासाठी वर्गण्या झाल्या. ज्या नमाजी माणसाने वर्गणी दिली तो पंचवीस मिनिटे गारव्यात बसून घरी जातो. त्याची आई चोवीस तास पत्र्याखाली असते. रमजानमध्ये गरजूंना तेल-साखर-खजुराचे किट वाटतात, त्याच यादीतल्या घरांच्या छपरांना रंगाचा एक डबा आणि मोहल्ल्यातल्या बेकार पोरांपैकी दोघांची मजुरी दिली तर कोणत्या कमिटीचे दिवाळे निघणार आहे? यादी तयार आहे, पैसा तयार आहे, पोरे तयार आहेत. फलक लावायला छपरावर जागा नाही, एवढीच अडचण दिसते.

नगरपालिकांकडे मागणी फार थोडी आहे. आशा सेविका घरोघर जातातच. एप्रिल-मेमध्ये त्यांच्या हातात एक तापमापक द्या आणि पत्र्याखालची दुपार आणि रात्र वहीत लिहू द्या. त्या वहीतला अंश हेच अनुदानाचे माप ठरवा, वाचलेला युनिट नव्हे. मालकीचा उतारा मागू नका, रेशनकार्ड किंवा विजेचे बिल पुरे. भाडेकरूला मालकाच्या सहीशिवाय पात्र धरा. आणि वेळेचे भान ठेवा. पावसाळा येण्याआधी नालेसफाईला ३१ मेची मुदत असते, तिच्यावरून दरवर्षी सभागृहात भांडणे होतात, नगरसेवक नाल्यात उतरून फोटो काढतात. छपरांसाठी अशीच मुदत फेब्रुवारीअखेरची ठेवा, आणि मार्चच्या पहिल्या सभेत किती पत्रे पांढरे झाले ते प्रभागवार वाचून दाखवा.